जावईबापूंची छाती

सोमवार, ६ जानेवारी

ही वही खरं तर रुग्णालयाची. आमच्या शिकवणीच्या सिस्टर, हातात कायम फूटपट्टी म्हणून सगळ्यांच्या फूटपट्टी सिस्टर, यांनी आज दोन वह्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "नव्या पुतळ्याचं काम रोज लिहून ठेवायचं. काय केलं, का केलं, काय बिघडलं." पहिल्या वहीत तसं लिहीनच. पण 'का केलं' याची खरी उत्तरं सिस्टरांनी वाचण्यासारखी नसतात, म्हणून दुसरी वही गुपचूप घरी आणली.

विषय असा. एखाद्याचं हृदय थांबलं तर छाती दाबून ते कसं चालवत राहायचं, हे आमच्याकडे एका रबरी पुतळ्यावर शिकवतात. पुतळा कमरेपर्यंतच आहे. नुसता आडवा पडून असतो आणि सगळे त्याच्याभोवती वाकून घाम गाळत असतात, म्हणून त्याचं नाव जावईबापू. गेल्या महिन्यात जावईबापूंची मान मोडली, कातडं फाटलं आणि समितीने त्यांना भंगारात काढलं. नवा पुतळा मागवायचा तर कागद फिरता फिरता वर्ष जाणार. आणि परीक्षा आहे २० फेब्रुवारीला. वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाची, नर्सपासून मावशीपर्यंत. नापास होईल त्याला वॉर्डातून काढून धुलाई विभागात पाठवणार. सिस्टर म्हणाल्या, "मेकॅनिक, तुम्हीच बनवा. साडेसहा आठवडे आहेत."

मी तळमजल्यावरच्या दुरुस्ती खोलीत चोवीस वर्षं आहे. खाटा, चाकाच्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड, एकदा तर मोठ्या डॉक्टरांचा चष्मा. दुरुस्ती झाली की आतल्या बाजूला तारीख आणि सहीची चिठ्ठी चिकटवायची, ही माझी पद्धत. डॉक्टर सही करतात, मग आपण का नाही?

जावईबापूंनाही माझा हात लागलेला आहे. छाती पुरेशी दाबली की आतून टक् असा आवाज यावा, अशी त्यांची रचना. पण लोक दाबून दाबून रडकुंडीला यायचे आणि टक् काही वाजायचा नाही. तक्रारींचा ढीग पडला. मी एका दुपारात तो असा बसवून दिला की शाळकरी पोरगीही वाजवेल. आठ वर्षं झाली, त्यानंतर एकही तक्रार नाही. असं काम आजकाल होत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

सिस्टरांबरोबर बैठक. बैठक म्हणजे त्या उभ्या आणि मीही उभा. त्यांनी नेहमीची स्टीलची फूटपट्टी टेबलावर ठेवली.

"छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. सहाच्या वर नको. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. आणि दर वेळी छाती पूर्ण वर आली पाहिजे."

"आणि टक्?"

"टक् नको."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सिस्टर, टक् नसेल तर लोकांना कळणार कसं?"

"माणसाची छाती टक् करते का? किती दाबलं ते दाखवणारा एक काटा बाजूला बसवा. मला दिसेल, दाबणाऱ्याला दिसणार नाही, असा."

थोबाडीत मारल्यासारखं झालं. आठ वर्षं जो टक् कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याच्यावर यांचा का राग, देव जाणे. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काही बायकांना चांगलं चाललेलं बघवत नाही." मग स्वतःच म्हणाली, "पण त्या तशा वाटत नाहीत हो."

शनिवार, ११ जानेवारी

छातीसाठी स्प्रिंग शोधतोय. गादीची फार मऊ. ऑफिसच्या खुर्चीची दाबली की परत यायला विसरते, जेवणानंतरच्या हेडक्लार्कसारखी. मोटारसायकलच्या सीटखालची दाबताना माझंच मनगट मुरगळलं. बरगड्या मात्र झकास जमल्या. जाड प्लास्टिकच्या पाइपच्या पट्ट्या गरम करून वाकवल्या.

आज संध्याकाळी बायको सोफ्यावर बसली आणि एका बाजूला कलंडली. तिला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचं ठरवलं आहे. मला त्यात फारसा फरक जाणवत नाही. सोफ्याची स्प्रिंग मात्र अगदी हवी तशी. पाच सेंटिमीटरला चाळीसेक किलोंचा जोर लागतो.

दुपारी बायकांच्या वॉर्डातल्या मावशी आल्या, ट्रॉलीचं चाक अडकतं म्हणून. अठरा वर्षं त्याच वॉर्डात आहेत. औषधं कुठल्या कपाटात आहेत ते नर्सला आठवलं नाही तर मावशींना विचारतात. टेबलावर माझी अर्धवट छाती पडलेली बघून त्या दारातच थबकल्या.

मी म्हटलं, "या की, धाकटे जावई आलेत. ओवाळा."

त्या हसल्या नाहीत. दारातूनच मान वाकवून छातीत डोकावल्या. मग म्हणाल्या, "यात टक् कुठं ठेवलाय?"

"ठेवलाच नाही. सिस्टरांची मनाई आहे."

"मग पुरे झालं ते कळायचं कसं?"

"अहो, मी शब्द न शब्द हेच विचारलं त्यांना."

ट्रॉली तिथेच सोडून त्या निघून गेल्या. नंतर कळलं, गेल्या वर्षापासून शिकवणीचा दिवस आला की मावशी रजा टाकतात. कधी पाठ, कधी डोकं, कधी भावाकडचं काही. सिस्टरांनी त्यांना बजावलं आहे की परीक्षेला तरी यावंच लागेल, नाहीतर धुलाई. एवढ्या वर्षांची बाई रबराला घाबरते म्हणजे नवलच. मला तर जरा नाटकीपणा वाटतो.

सोमवार, २० जानेवारी

पहिली चाचणी. धाकटे जावई टेबलावर आडवे, डोकं नाही, तरीही रुबाबदार. आठ नर्स रांगेत. मोठ्याने मोजत तीस वेळा दाबायचं, मग दोन श्वास द्यायचे, असा नियम. डोकं नसल्यामुळे श्वास सध्या हवेतच.

सुरुवात सुरेख झाली. वीसच्या पुढे मात्र सगळ्यांचीच गती मंदावायला लागली आणि सव्वीसनंतर पार लंगडी झाली. पहिली दमली असेल म्हटलं. पण आठच्या आठ? दमल्या असत्या तर पुढच्या फेरीत सुरुवातही मंद झाली असती, तीही नाही. पुन्हा एकपासून सगळ्या ताज्यातवान्या.

सिस्टर फूटपट्टी तळहातावर आपटत राहिल्या. स्प्रिंग तापून ताठत असावी.

गुरुवार, २३ जानेवारी

स्प्रिंग तीनदा बदलली. तेलपाणी केलं. बरगड्या सैल केल्या, पुन्हा आवळल्या. सव्वीसनंतर लंगडणं तसंच. नाकी नऊ आले आहेत. पहिल्या वहीत 'निरीक्षण सुरू आहे' असं लिहिलं.

रविवार, २६ जानेवारी

सापडलं. आणि श्रेय बायकोच्या गुडघ्याला जातं.

तिला डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे. पाठीवर झोपून पाय सरळ वर उचलायचा आणि खाली आणायचा, असं तीसदा. मी शेजारी पेपर वाचत होतो. एक, दोन, तीन, चार, पाय कसा सरसर वरखाली. सोळा, सतरा, अठरा, ठीक. मग "सत्तावीस," पाय वर थांबलेला, "अठ्ठावीस," थांबलेला, "एकोणतीस," आणि पाय आपला हवेत वाट बघतोय, बाईसाहेबांचं उच्चारून कधी होतंय त्याची.

मी पेपर टाकून उठलो. "परत मोज."

"अहो, मेले मी. झाले तीस."

"परत मोज. हवं तर पाय नको उचलू, नुसती मोज."

घड्याळ लावून तिला चारदा मोजायला लावलं. दहापर्यंतचे आकडे एका झटक्यात जिभेवरून उतरतात. एकोणतीसला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. हात जिभेसाठी थांबतात, एवढीच गोष्ट. आपल्या आकड्यांची शेपटीच लांब, त्याला स्प्रिंग काय करणार?

बायको म्हणाली, "मग तीसपर्यंत जाताच कशाला? दहा दहा तीनदा मोजा. आम्ही बायका टाके असेच मोजतो." मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि ही दहावी. पण हे पहिल्या वहीत लिहिणार नाही.

सोमवार, २७ जानेवारी

एक ते दहा, एक ते दहा, एक ते दहा. मिनिटाला एकशेदहा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ रेघ. नर्स आपसात हसायला लागल्या. सिस्टरसुद्धा हसल्या, अगदी अर्धा सेंटिमीटर.

थोडक्यात, दोष माझ्या कामात नव्हता, आकड्यांत होता. हे वाक्य पहिल्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "गती जमली. आता काटा बघायला लागा."

गुरुवार, ३० जानेवारी

काट्याने डोक्याला ताप दिला आहे. चार दिवसांत बेचाळीस जणांनी दाबून बघितलं. पाचपर्यंत जायला हवं आणि सगळे साडेतीनवर थांबतात. जाडे, बारीक, पहिलवान वॉर्डबॉय, सगळे साडेतीन. एखाद्याचा जोर कमी पडतो हे समजू शकतो, पण बेचाळीस माणसं एकाच रेघेवर कशी थांबतील? फक्त डिसेंबरात रुजू झालेल्या दोन नर्स सरळ पाचच्या पुढे गेल्या. त्या दुसरीकडे शिकून आल्या आहेत. तिकडे खाणंपिणं चांगलं असेल.

सिस्टरांना म्हटलं, स्प्रिंग थोडी मऊ करतो, म्हणजे आपोआप पाच येईल.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि पेशंटची छाती कोण मऊ करणार?"

सोमवार, ३ फेब्रुवारी

मावशी ट्रॉली न्यायला आल्या. आज कुणी नव्हतं. मी विचारलं, "परीक्षेला येताय ना?"

"बघते."

"बघते काय? अठरा वर्षांचा वॉर्ड सोडून चादरी धुणार का?"

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ठाऊक नाही का? एक्स-रेच्या बोळात माणूस पडला होता तो?"

आठवलं. मागच्या वर्षाआधीच्या डिसेंबरातली गोष्ट. सुनेला भेटायला आलेले कुणीतरी सासरे होते. ऐकलं होतं, विसरलोही होतो.

"मी एकटीच होते तिथं. सगळे येईपर्यंत मी दाबत होते. शिकवलं होतं अगदी तेवढंच दाबलं, भाऊ. एक केसभर कमी नाही. माझ्या हातांना ती खूण पाठ झालेली. टक् जिथं वाजतो तिथवर."

मी म्हणून गेलो, "माणसाच्या छातीत टक् कुठला वाजायला?"

"नाहीच वाजला," त्या म्हणाल्या. "तेच म्हणते मी. तेवढंच दाबलं आणि काहीच वाजलं नाही. आणि ते गेले." मग हात उलटे करून बघत म्हणाल्या, "माझ्या हातातच काही कमी असेल. चौदा महिने झाले, नातवाला उचलताना भीती वाटते."

आणि या बाईला मी नाटकी म्हटलं होतं. ते पान फाडावंसं वाटलं, पण राहू दिलं. ट्रॉलीच्या चाकांना दोनदा तेल घातलं. दुसरं काय करणार होतो?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

धाकट्या जावयांना डोकं हवं म्हणून भंगारखोलीत जाऊन जावईबापूंचं काढून आणलं. म्हटलं, आलोच आहे तर छातीही उघडून बघू, एखादा चांगला स्क्रू मिळेल.

आत, टक् करणाऱ्या पत्र्याच्या खाली, सायकलच्या ट्यूबची पट्टी. चौघडी करून तारेने आवळलेली. तारेची गाठ माझी, डावीकडून पीळ दिलेली, मीच तशी देतो. शेजारी चिठ्ठी. आठ वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी सही.

पट्टीमुळे पत्रा वर उचलला गेला होता. टेबलावर ठेवून मापलं. टक् साडेतीनला वाजतो. पट्टी काढली आणि पुन्हा मापलं. पाचला वाजतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चार दिवस काही लिहिलं नाही. बायकोने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "आहे." तिने विचारलं, "सोफ्याचं मनाला लावून घेतलंत का?" मग मात्र सगळं सांगितलं. ती बाजूला बसून राहिली, कललेल्या सोफ्यावरच.

आज पट्टी आणि चिठ्ठी सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी दोन्ही नीट बघितलं.

"मला टक्ची शंका होती," त्या म्हणाल्या. "या दोन नव्या मुली आल्या आणि त्यांचं दाबणं वेगळं दिसलं, तेव्हापासून. पण दाखवायला माप नव्हतं. म्हणून काटा मागितला."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही भांडला असता. पण चूक एकट्या तुमची नाही. आठ वर्षं मी त्याच पुतळ्यावर शिकवलं. हातात फूटपट्टी घेऊन फिरते आणि एकदाही आत घालून बघितली नाही."

मी विचारलं, पाच दाबलं असतं तर ते सासरे वाचले असते का? त्या म्हणाल्या, कुणीच सांगू शकत नाही. नीट दाबूनही पुष्कळ जण जातात. पण संधी कमी झाली, हे खरं. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही आणि आज त्याबद्दल मला बरं वाटलं.

सगळ्यांना पुन्हा शिकवायचं ठरलं, रोज सकाळी दोन तुकड्या. मग म्हणाल्या, "मावशींना मात्र तुम्ही सांगायचं."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं. वॉर्डाच्या मागच्या जिन्यावर त्या फडकी वाळत घालत होत्या, तिथे जाऊन. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मावशी, तुमचे हात बरोबर होते. टक् चुकीच्या जागी होता. तो मी ठेवला होता." आणि पट्टी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी ती हातात घेतली. जाडी चिमटीत धरून बघितली.

"एवढ्यानं?"

"हो."

"लोकांचे हात दुखतात म्हणून?"

"हो. वाटलं, सोय होईल सगळ्यांची."

खालच्या अंगणात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौदा महिने, भाऊ." तेवढंच. पट्टी मला परत दिली, राहिलेली फडकी वाळत घातली आणि आत गेल्या.

मला माफी मिळेल असं मनात कुठेतरी धरून गेलो होतो. ती काही मिळाली नाही, आणि का मिळावी?

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत मावशी खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. धाकट्या जावयांच्या डोक्यावर रुमाल होता, तो बाजूला केला. बांगड्या वर सारल्या.

मी काटा बघत उभा राहिलो. पहिल्या वेळी साडेतीन. त्या थांबल्या. जुनी खूण आली होती. दुसऱ्या वेळी चार. मग खांदे पुढे आणून हात ताठ केले आणि पाच. मी 'पाच' म्हणालो, त्यांनी मान हलवली. एक ते दहा, एक ते दहा, एक ते दहा. नवं मोजणं कुणी सांगितलं असेल त्यांना? रोज सकाळी दाराबाहेर उभ्या राहून ऐकत असणार. काटा तिसांपैकी सव्वीस वेळा पाचच्या पुढे गेला. त्या घाम पुसत म्हणाल्या, "हे बरंच खाली आहे."

जाताना दारात वळून विचारलं, "तुम्ही शिकलात का हो कधी?"

मी म्हटलं, "मी वॉर्डातला नाही, मला सक्ती नाही."

"म्हणजे दाबून न बघताच बसवला होता टक्?"

मी धाकट्या जावयांच्या डोक्यावर रुमाल परत टाकला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परीक्षा झाली. एकसष्ट पास, तिघांना धुलाईत धाडण्याआधी एक संधी म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे. पहिलवान वॉर्डबॉय त्या तिघांत आहे, त्याने जोशात सहाच्या वर दाबून माझी एक बरगडी मोडली. मावशी पास. वॉर्ड त्यांचाच राहिला. नर्सनी टाळ्या वाजवल्या तर त्या त्यांच्यावर रागावल्या, "पेशंट झोपलेत."

मी बरगडी काढायला पुढे झालो, तेव्हा सिस्टर यादीवर फूटपट्टी ठेवून म्हणाल्या, "अजून एक राहिलाय." यादीत शेवटी, मावशींच्या अक्षरात, 'मेकॅनिक भाऊ' लिहिलेलं होतं.

सगळे बघत होते. मोडक्या बरगडीवरच हात ठेवले आणि दाबलं. चांगलंच दाबलं असं मला वाटलं. हाताखाली छाती थांबल्यासारखी झाली, पुरे असं मनगट सांगत होतं. वर बघितलं तर सिस्टर काट्याकडे बघत होत्या आणि मान नकारार्थी हलवत होत्या.

मावशी समोरून आल्या. माझ्या हातांवर स्वतःचे दोन्ही हात ठेवले, चादरी पिळून पिळून खरबरीत झालेले, आणि सगळा भार टाकून खाली नेलं. आणखी खाली. माझ्या मते जिथे संपलं होतं त्याच्याही खाली.

"एवढं," त्या म्हणाल्या.

नंतर मी सिस्टरांची फूटपट्टी मागून घेतली आणि साडेतीन ते पाच मोजून बघितलं. अंगठ्याच्या नखाएवढं अंतर आहे.

नव्या पुतळ्यात चिठ्ठी चिकटवली. तारीख, माझी सही, आणि त्याखाली 'दाबून पाहिले' असं लिहून मावशींची सही घेतली.